परसातला कॅमेरा आणि ताटलीतलं आमिष

परसात ट्रॅप कॅमेरा लावायचा म्हटलं की विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "समोर खायला काय ठेवू?" सुकट ठेवू, केळं ठेवू की अंडं? प्रश्न साहजिक आहे. कॅमेरा दोन आठवड्यांसाठी विभागातून उसना मिळालेला, एम.एस्सी.च्या प्रकल्पाची तारीख डोक्यावर, आणि कार्डात येतायत फक्त वाऱ्यावर हलणारी केळीची पानं. अशा वेळी मूठभर सुकट टाकली की एका रात्रीत फोटो मिळतात, हे खरं आहे. पण त्या फोटोंवरून पुढे तुम्ही काय म्हणू शकता आणि काय म्हणू शकत नाही, हे ती सुकट टाकतानाच ठरून जातं. आज तेवढंच बोलू.

कॅमेरा काम कसा करतो ते आधी. त्याच्या पुढच्या बाजूला एक छोटा पांढरट गोल असतो, तो उष्णतेतला बदल ओळखणारा सेन्सर. प्राण्याच्या अंगाचं तापमान आणि मागच्या जमिनीचं, झाडाचं तापमान यात फरक असेल, आणि तो फरक सेन्सरच्या एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकला, तरच कॅमेरा जागा होतो. म्हणजे ऊब हवी आणि हालचालही हवी. यातून तीन गोष्टी लगेच निघतात. प्राणी कॅमेऱ्याच्या समोरून आडवा गेला तर पटकन टिपला जातो, थेट कॅमेऱ्याकडे चालत आला तर उशिरा. मे महिन्यातल्या दुपारी जमीनच प्राण्याच्या अंगाइतकी तापलेली असते, तेव्हा मुंगूस समोरून निघून जातं आणि कॅमेऱ्याला पत्ताही लागत नाही. आणि साप, बेडूक, सरडे यांच्या नोंदी या कॅमेऱ्यात क्वचितच येतात. त्यामुळे "आमच्या परसात साप नाहीत, कॅमेऱ्यात एकही आला नाही" असं कुणी म्हटलं तर रात्री बॅटरी घेऊनच बाहेर पडा.

रात्रीचे फोटो अवरक्त दिव्यांवर येतात. ८५० नॅनोमीटरचे दिवे लागताना अंधुक लालसर दिसतात, ९४० नॅनोमीटरचे आपल्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीत, पण त्यांचा उजेड कमी अंतरापर्यंत पोचतो. परसासाठी दुसरा प्रकार बरा, कारण तिथे प्राण्यांइतकीच माणसांचीही ये-जा असते आणि लुकलुकणारा लाल ठिपका बघून कॅमेरा चोरीला जाण्याची शक्यता वाढते.

आमिष ही कल्पना कॅमेऱ्याइतकीच जुनी आहे. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दोरीला आमिष बांधून, प्राण्याने ते ओढलं की फ्लॅश उडेल अशी व्यवस्था केली होती. त्यांचे रात्रीचे फोटो 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या जुलै १९०६ च्या अंकात आले. आपल्याकडे वनखात्यातले एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात वाटेवर तार लावून वाघांचे फोटो काढले. या लोकांना हवा होता फोटो. आपल्याला हवी असते नोंद. फोटोत प्राणी आला की छायाचित्रकाराचं काम संपतं. आपल्याला त्याबरोबर तो किती वेळा आला नाही, हेही लिहावं लागतं.

आता आकड्यांत बघू, कारण आमिषाचा मोह आकड्यांतच नीट कळतो. समजा तुमच्या परसात उदमांजराचा वावर आहे, पण कुठल्याही एका रात्री ते कॅमेऱ्यासमोरून जाण्याची शक्यता ०.१ आहे. म्हणजे एका रात्री ते न दिसण्याची शक्यता ०.९. दहा रात्री ओळीने न दिसण्याची शक्यता म्हणजे ०.९ चा दहावा घात, साधारण ०.३५. म्हणजे असा वावर असलेली शंभर परसं घेतली, तर दहा रात्रींनंतर त्यातल्या पस्तीस ठिकाणी तुम्ही "उदमांजर नाही" असं लिहाल, आणि ते चूक असेल. तीस रात्री कॅमेरा ठेवलात तर हाच आकडा ०.०४ वर येतो. आता केळं ठेवल्यामुळे एका रात्रीची शक्यता ०.५ झाली असं धरा. पाचच रात्रींत न दिसण्याची शक्यता ०.०३. तीस रात्रींचं काम पाच रात्रींत! मग आमिष का नको?

कारण आमिषाने एकच आकडा बदलत नाही. तुम्ही मोजत होता ती गोष्टच बदलते.

पहिलं म्हणजे, आमिष सगळ्यांना सारखं बोलावत नाही. केळं, पपई, फणसाचे गरे ठेवलेत तर उदमांजर येईल, घुशी येतील, दिवसा खारी आणि पक्षी येतील. सुकट ठेवलीत तर रानमांजर आणि मुंगूस यायची शक्यता वाढते, पण त्यांच्याआधी गल्लीतली कुत्री, शेजारची मांजरं आणि कावळे हजर होतात. एकदा कुत्र्यांनी ती जागा ओळखली की लाजरे प्राणी तिथून लांब राहतात. म्हणजे ज्यांना बोलवायला आमिष ठेवलं त्यांचीच दिसण्याची शक्यता कमी झाली, आणि कार्डात तीनशे फोटो कुत्र्यांचे. मग "या गावात रानमांजर दुर्मीळ, उदमांजर मुबलक" असा निष्कर्ष काढलात तर तो प्राण्यांबद्दलचा निष्कर्ष नाही. तो तुमच्या ताटलीबद्दलचा आहे.

दुसरं, वेळ. आपण आमिष ठेवतो ते बहुतेक संध्याकाळी सहा-सात वाजता, कारण आपल्याला तेव्हा सवड असते. चार-पाच दिवसांत प्राण्याला ती वेळ कळते. मग तुम्ही मोठ्या हौसेने दिवसाच्या चोवीस तासांचा वावराचा आलेख काढता, त्यात रात्री आठला उंच टेकडी दिसते, आणि मार्गदर्शक विचारतात, "हा प्राणी आठलाच का येतो?" तो तुमच्या वेळापत्रकाप्रमाणे येतो, दुसरं काही नाही. वावराच्या वेळांचा अभ्यास करायचा असेल तर आमिष अजिबात नको. यात मला तरी मधला मार्ग दिसत नाही.

तिसरं, संख्या. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे, म्हणून फोटोवरून एकेक बिबट्या ओळखता येतो. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या उसाच्या, दाट वस्तीच्या भागात कॅमेरे लावून १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे अशी घनता काढली आणि २०१३ साली ती प्रसिद्ध केली, ती याच जोरावर. उदमांजराचं तसं नाही. काळपट अंग, चेहऱ्यावर मुखवट्यासारखा काळा पट्टा, लांब काळी शेपटी. एक आणि दुसरं यात फरक करायचा तर कुणाचा कान फाटलेला किंवा शेपूट तुटलेली असावी लागते. त्यामुळे पंचवीस फोटो म्हणजे पंचवीस उदमांजरं नव्हेत. एकच उदमांजर केळ्यापाशी अर्धा तास बसून पंचवीस फोटो देतं. यावर रूढ उपाय म्हणजे तीस मिनिटांच्या आतले एकाच जातीचे फोटो एक नोंद धरायचे. पण हा उपाय समोरून चालत जाणाऱ्या प्राण्यासाठी ठीक आहे. खाऊन, फिरून, पुन्हा पाऊण तासाने उरलेलं खायला येणाऱ्याला तो दोनदा मोजतो.

(उदमांजर आणि जवादी मांजर यांचा घोळ करू नका, गावात दोघांनाही बऱ्याचदा एकच नाव असतं. काळ्या-पांढऱ्या फोटोत सरळ शेपटी बघा. शेपटीवर कडी-कडी दिसली तर जवादी, सलग काळी असेल तर उदमांजर.)

आता कायद्याचं. हा भाग बहुतेक प्रकल्पांमध्ये एका ओळीत गुंडाळतात, म्हणून जरा थांबून सांगतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २ मध्ये 'शिकार' या शब्दाची व्याख्या आहे. तिच्यात मारणं, पकडणं, फासे किंवा सापळे लावणं यांच्या रांगेतच आमिष दाखवणंही येतं, आणि तसा प्रयत्न करणंही. हा कायदा फक्त अभयारण्यापुरता नाही. प्राणी अनुसूचीत असेल तर तुमचं परसही त्यातून सुटत नाही. उरलेली पोळी मागे टाकणाऱ्या प्रत्येक घराला शिकारी म्हणायचं असा याचा अर्थ नाही. पण तुम्ही संशोधक म्हणून, लेखी प्रस्तावात, "वन्य मांसभक्षकांना आकर्षित करण्यासाठी आमिष ठेवले" असं लिहिता तेव्हा त्या शब्दाला वजन येतं. शिक्षण आणि शास्त्रीय संशोधनासाठी कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षक परवानगी देऊ शकतात. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे. अर्ज, मार्गदर्शकांचं पत्र, कामाची पद्धत, जागांचा नकाशा, हे सगळं लागतं आणि वेळही लागतो. सहा महिन्यांच्या प्रकल्पात हा वेळ धरलेला नसेल तर आमिषाचा विचार तिथेच सोडा. नुसता कॅमेरा, आमिषाशिवाय, घरमालकाच्या संमतीने खासगी परसात लावायचा असेल तरी स्थानिक वनपालांना आधी कळवून ठेवा. पुढे कधी काही घडलं तर हे कळवलेलं कामाला येतं.

'काही घडलं तर' म्हणजे काय, हे जुन्नर, अकोले, नाशिककडच्या वाचकांना सांगायला नको. मांस किंवा मासळी ठेवली की कुत्री जमतात. आणि वस्तीजवळ राहणाऱ्या बिबट्याच्या आहारात कुत्र्याचा वाटा मोठा असतो, हे त्याच अकोल्याच्या विष्ठा-अभ्यासातून पुढे आलं आहे. घराच्या मागच्या दारापासून पंधरा पावलांवर, जिथे पहाटे कुणीतरी भांडी घासायला येतं, तिथे तुम्ही रोज रात्री कुत्री गोळा करताय. बिबट्याच्या पट्ट्यात मांसाहारी आमिष परसात ठेवू नये, परवानगी मिळाली तरी ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि खरं सांगू का, परसाला वेगळं आमिष लागतच नाही. ते तिथे आधीपासूनच असतं. जांभळाखाली पडलेला सडा, काजूची बोंडं, फुटलेला फणस, शेणखताचा खड्डा, खरकटं टाकायची जागा, कुत्र्याची थाळी, कोंबड्यांचं खुराडं, भुईमुगाची वाळवण. संशोधनाच्या दृष्टीने मला हाच प्रश्न जास्त रस घ्यावा असा वाटतो: माणसाच्या घरामागे सहजपणे पडणारं हे अन्न कोण खातं, कधी खातं, आणि ते बंद झालं की काय होतं? यात तुम्ही नवीन काही ठेवत नाही. जे आहे ते मोजता. खरकटं किती, कोणत्या दिवशी, झाकलेलं की उघडं, फळं कधी पडायला लागली, याची रोजची नोंद घरातलीच मंडळी आनंदाने देतात. बहुधा तुमच्यापेक्षा नीट देतात.

तरीही तुलनेसाठी मुद्दाम काही ठेवायचंच असेल, परवानगी हातात असेल, तर खायला देऊ नका, फक्त वास द्या. भोकं पाडलेला पीव्हीसी पाईपचा वीतभर तुकडा घ्यायचा, दोन्ही तोंडं बंद करायची, आत मोजून ठराविक वजनाचं आमिष, आणि पाईप जमिनीत रोवलेल्या खुंटीला घट्ट बांधायचा. प्राणी येतो, हुंगतो, नखं मारतो, निघून जातो. पोट भरत नाही म्हणून तळ ठोकत नाही, आणि एकाच ताटलीत दहा तोंडं बुडून रोग पसरायची भीतीही कमी. वासाची ताकद कमी समजू नका. २०१८ साली पांढरकवड्याच्या वाघिणीच्या शोधमोहिमेत एका परदेशी परफ्यूमची चर्चा वर्तमानपत्रांतून झाली होती. त्या परफ्यूममधला एक घटक हा जवादी जातीच्या प्राण्यांच्या ग्रंथीत सापडणाऱ्या द्रव्याची कृत्रिम नक्कल आहे. आपल्या आजीच्या पूजेच्या डबीतली जवादी आणि वाघिणीला भुलवायचा फवारा ही लांबची भावंडंच म्हणायची.

या पाईपबरोबर रिकामा पाईपही हवा. परसात काल नसलेली वस्तू आज दिसली की प्राणी नुसत्या कुतूहलानेही येतो. त्यामुळे एका आठवड्यात वासाचा पाईप आणि दुसऱ्या आठवड्यात काहीच नाही अशी तुलना केलीत तर वासाचा परिणाम आणि पाईपचा परिणाम वेगळा करता येत नाही. समजा तुमच्याकडे दहा परसं आहेत. चिठ्ठ्या टाकून पाच निवडा. तिथे पहिले दोन आठवडे वासाचा पाईप, मग एक आठवडा काहीच नाही, मग दोन आठवडे रिकामा पाईप. उरलेल्या पाचात उलटा क्रम. प्रत्येक परसाची तुलना स्वतःशीच होते, त्यामुळे एका परसात आमराई आणि दुसऱ्यात फक्त तुळस असली तरी फार बिघडत नाही.

दहा परसं का, एकच का नाही? कारण एका परसातले पाचशे फोटो म्हणजे पाचशे नमुने नव्हेत. तो एकाच जागेचा एक नमुना आहे, पाचशे वेळा मोजलेला. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली 'खोटी पुनरावृत्ती' या चुकीवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. परिसंस्थाशास्त्रात जायचं असेल तर तो वाचाच, मुलाखतीत विचारतात. परसं एकमेकांना चिकटूनही नकोत. दोन घरांमध्ये नुसतं कुंपण असेल तर एकच उदमांजर दोन्हीकडे हजेरी लावणार, आणि तुम्ही दोन स्वतंत्र जागा म्हणून मोजणार.

बसवण्याचं तंत्र थोडक्यात, कारण ते करूनच येतं. उंची गुडघ्याच्या जरा खाली. कॅमेऱ्याचं तोंड शक्यतो उत्तरेला, म्हणजे सकाळ-संध्याकाळचा सूर्य भिंगात येत नाही. प्राणी जाईल अशी जागा तीन-चार मीटरवर. फार जवळ असेल तर रात्रीच्या उजेडात मांजर नुसतं पांढरं भूत दिसतं. समोरचं गवत आणि लोंबणारी पानं काढा. मग स्वतः दोन हात-पाय टेकून समोरून रांगत जा आणि कॅमेऱ्याने टिपलं का बघा. शेजारी हसतात, हसू द्या. आणि सर्वांत महत्त्वाचं, तारीख-वेळ. बॅटऱ्या बदलल्या की काही कॅमेऱ्यांचं घड्याळ मागे कुठल्यातरी पहिल्या जानेवारीला जातं. म्हणून लावताना आणि काढताना मोबाईलच्या घड्याळाचा एक फोटो त्याच कॅमेऱ्याने काढून ठेवा. घड्याळ किती सरकलं ते त्यावरून नंतर दुरुस्त करता येतं.

फोटो छाटायला आता मदत आहे. मेगाडिटेक्टर हा मोफत प्रोग्रॅम रिकामे फोटो, माणसं, वाहनं आणि प्राणी वेगळे काढतो, मात्र जात ओळखत नाही. जात तुम्हीच लिहायची. पुढची तक्ते बनवण्याची कामं 'आर' भाषेतल्या कॅमट्रॅपआर या पॅकेजमध्ये होतात.

माणसांचे फोटो निघतात, ते लगेच पुसा. परस ही घराची सर्वांत खासगी जागा आहे. न्हाणी तिथे, पहाटेची ये-जा तिथूनच. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातला एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. जंगलातल्या कॅमेऱ्यांमुळे तिथल्या बायकांचं वागणं-बोलणं कसं आक्रसलं, आणि एका बाईचा तसा फोटो कसा फिरवला गेला, हे त्यात आहे. कॅमेरा लावण्याआधी घरातल्या पुरुषाची सही घेऊन भागत नाही. मागच्या दाराने जिचा दिवस सुरू होतो तिला विचारा की तोंड कुठे केलं तर चालेल.

आणि एक प्रसंग तुमच्यावर येणारच, म्हणून आधी सांगतो. माझ्या अभ्यासातल्या सिंधुदुर्गातल्या एका वाडीत एक आजी कार्ड काढताना शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "झिला, माझी तलंग कोणी खाल्ल्यान ता तुझ्या कॅमेऱ्यात बघ." कार्डात रात्री सव्वाअकराला एक जवादी खताच्या खड्ड्यावरून गेली होती. खुराडं फोटोच्या चौकटीत नव्हतंच. तो फोटो त्यांच्यापुढे धरला असता तर दुसऱ्या दिवशी कुंपणाच्या भोकात फासकी लागली असती, आणि तिच्यात जवादी, रानमांजर, ससा, जे पहिलं येईल ते अडकलं असतं. बरं, लपवलं असतं तर पुढच्या वेळी कॅमेरा लावायला जागा कुणी दिली असती? मी त्यांना फोटो दाखवला आणि त्यात काय आहे तेवढंच सांगितलं: हा प्राणी इथून गेला, उंदीर-किडे खातो, संधी मिळाली तर कोंबडीही खातो, पण तुमची तलंग यानेच खाल्ली हे या फोटोवरून सांगता येत नाही. मग दोघं मिळून खुराड्याच्या दाराखालची चार बोटांची फट बघितली. त्यांच्या नातवाने संध्याकाळी तिथे बारीक जाळी ठोकली. आता विचार करा, खड्ड्याशेजारी माझी सुकट असती तर मी आजींना काय सांगणार होतो? जवादी माझ्या वासाने आली की त्यांच्या कोंबडीच्या, हे मलाच कळलं नसतं.

म्हणून प्रस्ताव लिहिताना 'साहित्य व पद्धती'त आमिषाचं वाक्य येतं तिथे पेन्सिलने समासात लिहा: प्रश्न कोणता? "या परिसरात कोणकोणत्या जाती आहेत" एवढाच असेल तर परवानगीसह, वासापुरतं आमिष समजण्यासारखं आहे, आणि ते प्रकार, वजन, बदलण्याची वारंवारता यासह लिहा. "किती आहेत", "कधी येतात", "कोणती जागा पसंत करतात" यातलं काहीही असेल तर ते वाक्य खोडा आणि त्याजागी रात्रींची संख्या वाढवा.

कोकणात काम करणार असाल तर मे संपायच्या आत कॅमेरे उतरवा. भर पावसात भिंगावर वाफ धरते, आत मुंग्या घर करतात. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, बॅटऱ्या बाहेर काढून ठेवा, आणि कार्डाच्या दोन प्रती काढल्याशिवाय कार्ड कोरं करू नका.